जुन्या न्हाणीची धुण्याची खोली: कवळ्यातल्या (फोंडा, गोवा) घरकामाच्या नोंदी

१६ मार्च २०२५, रविवार

काम काढायचं हे गेल्या जुलैतच ठरलं होतं. धाकट्याचा शाळेचा शर्ट तीन दिवस ओलसरच राहिला, म्हणून तो इस्त्रीने वाळवायला गेले आणि कॉलरखाली तपकिरी त्रिकोण उमटला. त्या दिवशी घरात धुणं कुठे कुठे टांगलंय ते मोजलं. मागची पडवी, जिन्याचा कठडा, माजघरातल्या पंख्याखाली दोन खुर्च्या, आणि थेट सोपा. पाहुण्याला आधी आमचे टॉवेल दिसायचे, मग आम्ही. आषाढापासून भाद्रपदापर्यंत घराला एक कुबट वास असतो, तो राहणाऱ्याला कळत नाही. मला नणंदेने सांगितला.

जागा म्हणजे मागीलदारची जुनी न्हाणी. २००९ साली आत बाथरूम झालं तेव्हापासून ती अडगळीची खोली. आतून साडेदहा बाय सात फूट. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दीड फुटी भिंती, वर एकपाखी कौलारू छप्पर, उंच बाजूला ११ फूट आणि वळचणीला ८. हातभर खिडकी. कोपऱ्यात चूल, जिच्यावर अंघोळीचं पाणी तापवायचं तांब्याचं भाण असायचं. उजव्या भिंतीला सासूबाईंचा धुण्याचा दगड.

बजेट १,४०,००० रुपये. मुदत ५ जून, कारण त्यानंतर आमच्याकडे गवंडीकाम म्हणजे चिखलात पैसे कालवणं.

२३ मार्च, रविवार

दुकानं फिरण्याआधी घरातच हिशोब केला. एक टर्किश टॉवेल घेतला, स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. कोरडा टॉवेल ४१० ग्रॅम. हाताने पिळला तर ९२०. आमच्या जुन्या सेमी-ऑटोमॅटिकच्या स्पिनमधून काढला तर ६८०. तोच टॉवेल ओला करून बहिणीकडे नेला, तिच्या फ्रंट लोडमध्ये १२०० आरपीएमवर फिरवला: ६३०. बहीण म्हणाली, "एवढ्यासाठी फोंड्याहून आलीस?"

हो, एवढ्यासाठीच. कारण यावरून कळलं की सहा किलो सुती कपडे चांगले पिळून निघाले तरी त्यांत सव्वातीन लिटर पाणी उरतं. वाळणं म्हणजे हे सव्वातीन लिटर हवेत जाणं. आता हवेचं बघू. २८ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. जुलैत आमच्याकडे आर्द्रता ८५ टक्के धरली (धरायला काय, बहुतेक दिवस जास्तच असते), तर जागा उरते फक्त ४ ग्रॅमची. न्हाणीत साधारण २० घनमीटर हवा. म्हणजे सगळी खोली मिळून ८० ग्रॅम पाणी पिऊ शकते. सव्वातीन लिटरला ती हवा चाळीस वेळा बदलायला हवी, आणि बदलून आत येणार ती पुन्हा बाहेरचीच ओली हवा.

कागद बराच वेळ समोर ठेवून बसले. इतकी वर्षं आम्ही पावसात खिडक्या उघड्या ठेवून "हवा लागू दे" म्हणत होतो.

तर ठरलं असं. मशीन कुठलं घ्यावं हा या खोलीतला दुय्यम प्रश्न आहे. आठ महिने सताड उघडी राहील आणि चार महिने डब्यासारखी बंद करता येईल अशी खोली हवी. बंद खोलीत डीह्युमिडिफायर. थंड नळ्यांवर हवेतलं बाष्प जमवून पाणी वेगळं काढायचं आणि तीच हवा कोरडी, जराशी गरम करून परत सोडायची. ड्रायरचाही विचार केला. हीट पंपवाला चांगला, पण किंमत ऐकून दुकानातून बाहेर आले, आणि सासूबाईंची नऊवारी व ह्यांचं धोतर त्यात कोण घालू देणार? धाकट्याने डीह्युमिडिफायरला नाव दिलं आहे, पाणीचोर. यापुढे नोंदीत तेच.

३० मार्च, पाडवा

आज काम नाही. फक्त दगडाची चर्चा, तीही जेवताना.

मी: "आई, दगड बाहेर माडाखाली ठेवूया का?"
सासूबाई: "ठेव गो. मलाही तिथेच ठेव."

दगड आत राहणार.

५ एप्रिल, शनिवार

आराखडा वहीत चौकोनी कागदावर, एक चौकोन म्हणजे सहा इंच. तिसऱ्यांदा काढला. पहिल्या दोन्हींत दार उघडल्यावर मशीनचं दार उघडत नव्हतं.

मळकट कपडे घरातून येतात, वाळलेले घरात जातात, म्हणून घरच्या दारापाशी घड्या घालायला कडाप्प्याचा ओटा, ३४ इंच उंच, त्याखाली तीन टोपल्या: पांढरे, रंगीत, आणि शेतातले-चिखलाचे. मग मशीन. मग धुण्याचा दगड, मागीलदाराजवळ, म्हणजे शिंतोडे उडतील ते त्या बाजूला. वर छताला पुलीच्या सहा दांड्या, प्रत्येकी सहा फूट. खिडकी मोठी, तीन बाय चार, रबर लावलेल्या घट्ट झडपांची. समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट, त्याला बाहेरून पडणारी झाकणं.

दगडाची उंची हा वेगळा विषय. सासूबाई आयुष्यभर उकिडव्या बसून धुवत आल्या, आता गुडघे ऐकत नाहीत. त्यांना ओट्याशी उभं करून, हातात ओलं फडकं देऊन, पुस्तकांच्या चळतीवर पाट ठेवत ठेवत उंची ठरवली. २७ इंच. घड्या घालायला ३४ आणि घासायला २७, कारण घासताना खांद्याचं वजन खाली द्यावं लागतं. स्वयंपाकाच्या ओट्याचीच उंची इथे ठेवली असती तर चुकलं असतं.

१२ एप्रिल, शनिवार

फोडाफोडी. मेस्त, म्हणजे मुख्य गवंडी, शिरोड्याचे, साठीच्या पुढचे, सोबत दोन पोरं. चूल फोडताना सासूबाई मागीलदारी आल्या, राखेची एक मूठ केळीला टाकली आणि आत गेल्या. कुणी काही बोललं नाही.

तांबड्या सिमेंटची जमीन उखडली. खाली पाणी जायची जुनी नाळ निघाली, ती फणसाच्या मुळांनी गच्च. म्हणजे पंधरा वर्षं तिथे सांडलेलं पाणी बाहेर गेलंच नव्हतं, ते चिऱ्यात मुरत होतं. भिंतींना जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत लोणा. बोटाने खरवडलं तर सिमेंटचा गिलावा पापडासारखा निघून आला आणि मागे चिरा ओला, मऊ, लाल चिखलाच्या रंगाचा.

मेस्तांनी ओल्या चिऱ्यावर तळवा ठेवला. "वहिनी, चिरा म्हणजे स्पंज. पाणी पितो आणि सोडतो. तुम्ही त्याच्या तोंडावर सिमेंट बांधलंत." खरं आहे. चिऱ्याच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं, चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू उडून जातं, पण कडक सिमेंट त्याला अडवतं, मग ते आणखी वरून वाट काढतं. २००९ साली शेजारच्या बाथरूमचं काम करताना उरलेलं सिमेंट इथे मीच मारून घेतलं होतं. स्वस्तात.

निर्णय: जिथे पाणी उडतं तिथे चार फुटांपर्यंत लादी, त्यामागे वॉटरप्रूफिंग. वर सगळीकडे चुना. मेस्त खूश. चुन्याचं काम आता कोणी सांगत नाही म्हणाले.

१९ एप्रिल, शनिवार

नळकाम. मशीनचं पाणी ७५ मिमी पीव्हीसी पाइपातून शोषखड्ड्यात. खड्डा विहिरीपासून १५ मीटरच्या बाहेर हवा; दोरी धरली तर १७ भरले. दगडावरचं पाणी वेगळ्या नाळीने केळीच्या आळ्यात, कारण सासूबाई साबणाची वडी वापरतात आणि तेही बेताने. मशीनच्या पावडरीचं पाणी केळीला नको.

मशीनच्या सांडपाण्याच्या नळीसाठी भिंतीत उभा पाइप, तोंड जमिनीपासून अडीच फुटांवर. नळी खाली टाकून दिली तर मशीन भरता भरताच पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं. बहिणीकडे पहिल्या महिन्यात हेच झालं, आणि ती मशीनला शिव्या देत होती.

जमिनीत जाळीचा ट्रॅप, ज्यात ५० मिमी पाणी कायम राहतं आणि गटाराचा वास व झुरळं वर येत नाहीत. प्लंबर पोरगा त्याला "नानी ट्रॅप" म्हणतो. दुकानदाराच्या बिलावरही नानी. मी त्याला सांगितलं, अरे तो न्हाणी ट्रॅप, ही जी खोली फोडतोस ना, तिचंच नाव. देशभरच्या प्लंबिंगवाल्यांनी आपला शब्द उचलला. तो म्हणाला, "हां, पण बिलावर नानी असलं की माल बरोबर मिळतो." गोव्यात मेस्त आणि बादली पोर्तुगिजांकडून आले, इकडून न्हाणी गेली. फिटंफाट.

दाब मोजला. टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंत साडेचार मीटर, म्हणजे ०.४५ बार. दुकानदाराने दाखवलेल्या मशीनला किमान ०.३ लागतो. पंप वाचला.

२७ एप्रिल, रविवार

हे खोलीच्या कामाचं नाही, पण नोंद हवी, कारण यावरून नळाची एक जागा बदलली.

ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर काजूच्या बोंडूचा रस पडला. दरवर्षी पडतो. मी शर्ट घाईत विहिरीच्या पाण्यात बुचकळला, साबण लावला, आणि फिकट तपकिरी डाग डोळ्यांदेखत करडा होत होत शाईसारखा काळा झाला. बोंडूत टॅनिन असतं. आमच्या विहिरीच्या पाण्यात चिऱ्यातलं लोह असतं. टॅनिन आणि लोह एकत्र आलं की पूर्वी त्याचीच शाई करत. मी शर्टावर शाई बनवली होती.

मग आठवलं, पांढरे कपडे पिवळट पडतात म्हणून मी त्यांना ब्लीच घालत आले. पाण्यात लोह असेल तर क्लोरीनचं ब्लीच त्याचा गंज करून धाग्यात बसवतं. म्हणजे वर्षानुवर्षं मीच पिवळे करत होते. गंजाच्या डागाला लागते आंबट वस्तू. लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवलं तर एका जुन्या उशीच्या अभ्र्यावरचा डाग बराच उतरला. शर्टाचा उतरला नाही. तो आता काजूच्या हंगामाचा शर्ट.

बदल: मशीनला फक्त नळाचं पाणी, म्हणजे ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येणारं. विहिरीचा नळ दगडापाशी आणि फरशी धुवायला. दोन नळ, दोन रंगांची हँडल. प्लंबरला परत बोलावलं, ८०० रुपये वाढले.

४ मे, रविवार

वीज. न्हाणीत एक बल्ब होता, बस. वायरमनने अर्थिंग तपासलं आणि मान हलवली. मागीलदारी मातीत गाडलेली जुनी पट्टी गंजून तुटलेली, म्हणजे इतकी वर्षं अर्थिंग नावालाच. नवा खड्डा, नवी पट्टी. मशीनच्या हीटरसाठी स्वतंत्र लाइन, १६ अँपिअरचा सॉकेट, जमिनीपासून साडेचार फूट वर. पूर्ण खोलीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. ओल्या पायांनी वावरायची जागा, इथे काटकसर करायची नाही असं ह्यांनी पहिल्यांदाच माझ्या आधी म्हटलं.

११ मे, रविवार

आजची नोंद रागाने लिहिते आहे.

लाद्या बसल्या. ढाळ ठरला होता फुटाला दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), मागीलदाराच्या बाजूच्या ट्रॅपकडे. शुक्रवारी मेस्त दुसऱ्या कामावर गेले, पोरांनी लाद्या लावल्या, शनिवारी सांधे भरले, आज मी एक बादली पाणी ओतलं. पाणी थोडा वेळ विचारात पडल्यासारखं थांबलं आणि शांतपणे घरच्या दाराकडे चालू लागलं. धाकट्याने कागदाची होडी सोडली. ती ओट्याच्या जागेखाली जाऊन थांबली.

मेस्तांना फोन केला तेव्हा मी जरा जास्तच बोलले.

१८ मे, रविवार

मेस्त स्वतः आले. पाण्याची पारदर्शक नळी भिंतीला लावली, दोन्ही टोकांची पातळी बघितली, आणि पोरांकडे बघून एकच शब्द बोलले, तो इथे लिहीत नाही. पोरांनी पातळीची खूण जुन्या, २००९ च्या रेषेवरून धरली होती. ती रेषा शेजारच्या बाथरूमसाठी मारलेली, तिचा ढाळ उलटा.

पाच ओळींपैकी तीन ओळी लाद्या उखडल्या. मजुरी मागितली नाही, लाद्या आम्ही आणल्या. नवा ढाळ टाकल्यावर मेस्तांनी बादली माझ्या हातात दिली, "आता तुम्हीच ओता." ओतली. दीड मिनिटात जमीन मोकळी, फक्त मशीनच्या कोपऱ्यात एका लादीवर चमचाभर पाणी. ते राहू दे म्हटलं. मग ट्रॅप चिंधीने बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस भरून ठेवलं. बाहेरच्या भिंतीला ओल नाही.

पण या उखडण्यात आठवडा गेला, आणि वर चुन्याचा शेवटचा हात राहिला.

२१ मे, बुधवार

पाऊस. वळवाचा म्हणून कालपासून दुर्लक्ष करत होतो. खिडकीच्या चौकटीचं भगदाड उघडं. रात्री दोन वाजता ताडपत्री बांधली, ह्यांनी शिडी धरली, मी दोरी. सासूबाई आतून विचारतात, "चुडतं लावायची होती ना आधी?" होती. पूर्वी पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या झावळांची चुडतं विणून बांधत, झड थेट चिऱ्यावर बसू नये म्हणून. आता कोण विणतो?

२६ मे, सोमवार

केरळात परवा, म्हणजे २४ तारखेलाच मान्सून आला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, आणि आज मुंबईपर्यंत पोचला. आमची ५ जूनची मुदत आभाळाने परस्पर रद्द केली.

चुना ओलाच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, त्याला वेळ लागतो, आणि भिंत चिंब असेल तर तेही अडतं. मेस्त म्हणाले, हात लावू नका, खिडकी बसवा आणि गप्प बसा. गप्प बसलो. खिडकीवाला तीन तारखा देऊन चौथ्या तारखेला आला.

८ जून, रविवार

छत. कौलांच्या फटींतून हवा येते-जाते, उन्हाळ्यात ते वरदान, पाणीचोरासाठी मात्र भोक पडलेली घागर. म्हणून आठ फुटांवर सिमेंट फायबर बोर्डाचं सपाट छत, सांध्यांना पट्टी. पीओपी किंवा जिप्सम या ओलीत टिकलं नसतं.

यात एकच गोष्ट महत्त्वाची होती आणि ती निसटता निसटता राहिली. पुलीचे हुक बोर्डात ठोकायचे नाहीत, वरच्या वाशात घट्ट करून बोर्डातून खाली काढायचे. सहा दांड्यांवर ओले कपडे म्हणजे दहा किलो आणि दांड्यांचं वजन वेगळं. बोर्ड लावायच्या आदल्या संध्याकाळी मी मोजायला गेले तेव्हा हुक पिशवीतच होते.

१५ जून, रविवार

मशीन आलं, सात किलोचं फ्रंट लोड. बसवायला आलेल्याने पाणी जोडलं, सही घेतली, गेला. पहिल्याच स्पिनला मशीन आपल्या चौथऱ्यावरून चालायला लागलं. शब्दशः. मी त्याला मिठी मारून उभी, मुलगी मेन स्विचकडे धावली. मागे बघितलं तर प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लावलेले चार बोल्ट, त्यातला एक तसाच राहिलेला. पाना घरात होताच. तो बोल्ट आता स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आहे. पुस्तिकेत लिहिलंय, मशीन हलवताना परत लागेल.

चौथरा मात्र जागचा हलला नाही. आतून पूर्ण भरीव, चिरा आणि काँक्रीट. पोकळ बांधला असता तर आज ढोल वाजला असता.

२२ जून, रविवार

चाचणी. बाहेर अखंड पाऊस, पडवीतला आर्द्रतेचा काटा ९१ वर. सहा किलो कपडे, १२०० च्या स्पिननंतर टांगले. दारं, खिडकी, एक्झॉस्टची झाकणं बंद. छताचा पंखा मंद, कारण कपड्यांभोवतीची ओली हवा हलवली नाही तर पाणीचोर आपल्याच तोंडची कोरडी हवा चघळत बसतो. हा माझा पहिल्या दिवशीचा अनुभव.

सकाळी सव्वानऊला सुरू. खोलीत ८९. साडेदहाला ७२. दुपारी एकला ५४, आणि खोली बाहेरपेक्षा चार अंशांनी गरम. पावणेचारला जीन्सचा कमरपट्टा आणि खिसे सोडून सगळं कोरडं. साडेसहा तास. टाकीत पाणी ४.१ लिटर.

मी सव्वातीन धरलं होतं. वरचं जवळजवळ एक लिटर कुठून आलं? भिंतींतून. चुना आणि चिरा आपलं साठवलेलं देत होते. धाकटा म्हणाला, "चोराने भिंतीही लुटल्या." ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीला घालायचा त्याचा बेत मी हाणून पाडला, नळ्यांवरची धूळ आणि धातू त्यात उतरतात. फरशी पुसायला ठीक.

कपडे हाताला कसे लागले ते लिहायला हवं. पावसातले "वाळलेले" कपडे गार असतात, ओले की सुके ते गालाला लावून ठरवावं लागतं. हे गालाला न लावता कळत होते.

१३ जुलै, रविवार

तीन आठवड्यांचा अनुभव. पाणीचोराचं पाणी आता ३.४ लिटरवर स्थिरावलं, म्हणजे भिंतींचं देणं बहुतेक फिटलं. एका खेपेला साधारण अडीच युनिट वीज. आठवड्यात चार खेपा.

जाड कपडे मधल्या दांड्यांवर, पातळ कडेला. शर्ट हँगरवर, दोन हँगरमध्ये चार बोटं अंतर. मुलगी दाटीवाटीने टांगते आणि मग "मशीन नीट वाळवत नाही" म्हणते. मशीनच्या दाराचं रबर रोज पुसून दार उघडं ठेवायचं, नाहीतर तिथेच काळी बुरशी. ही कामं कुणाची यावर घरात एकमत नाही.

खर्च, एकदाचा मांडून टाकते. गवंडी मजुरी ३८,०००. साहित्य ३४,०००. नळकाम १७,५००. वीज १४,२००. छत १२,६००. खिडकी, दार, टोपल्यांचे कप्पे, पुल्या २२,०००. मशीन ३२,५००. पाणीचोर २३,०००. एकूण १,९३,८००. बजेटच्या वर गेलेल्या एक्केचाळीस हजारांच्या साड्या घेतल्या असत्या तर निदान दिसल्या तरी असत्या, असं ह्यांचं मत होतं. "त्रेपन्न हजार आठशे" अशी मी दुरुस्ती केली.

चुकलं ते: घड्यांच्या ओट्यावर दिवा नाही, स्वतःच्या सावलीत घड्या घालते. तीनच टोपल्या पुरत नाहीत. ढाळात राहिलेलं ते चमचाभर पाणी अजून तिथेच जमतं, आणि मला ते रोज दिसतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

चवथ २७ला झाली, काल दीड दिवसाचं विसर्जन. घरात १४ माणसं होती. आदल्या आठवड्यात पडदे, चादरी, पाटावरची वस्त्रं धरून नऊ खेपा धुतल्या. सोप्यावर यंदा टॉवेल नव्हता. धाकट्याची सूचना होती की माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) यंदा धुण्याच्या दांड्यांना बांधू, पुलीने फळं खाली-वर करता येतील. त्याला सासूबाईंनी शहाळं सोलायला बसवलं.

सोवळ्याचा प्रश्न मात्र आधीच सुटला होता. सहावी दांडी, भिंतीकडची, सोवळ्याची; तिच्यावरचं धोतर काठीनेच घालायचं आणि काठीनेच काढायचं, खाली कुणाचे कपडे नाहीत. ते धोतर मशीनमध्ये गेलं नाही, दगडावर सासूबाईंनी स्वतः धुतलं, उभ्याने. पाणीचोर सोवळ्यात चालतो का, यावर त्या दोन दिवस विचार करत होत्या. मंगळवारी रात्री दाराशी येऊन त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"हा शिवत नाही ना कशाला?"

"नाही आई. नुसती हवा सोडतो."

"मग सोडू दे. पण आवाज जरा कमी करायला सांग."

राहिलेलं: ओट्यावरचा दिवा, चौथी टोपली, मागीलदाराच्या फटीला रबर. वायरमनने सोमवार सांगितलाय.